पाव्हण्यांना काय सांगायचं तेसुद्धा शिकवलं: परभणीतलं दोन दिवसांचं शिबिर, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन

मी हा रिव्ह्यू लिहायला तशी निष्पक्ष बाई नाही, आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरातल्या माणसानं जीव द्यायचा प्रयत्न केला किंवा तसं बोलून दाखवलं अशा घरच्यांसाठी परभणीत एका मंगल कार्यालयात गेल्या डिसेंबरात दोन दिवसांचं शिबिर झालं, आणि त्याचं पुस्तक बनवायच्या पाच बैठकांना मी स्वतः बसलेली आहे. म्हणजे कौतुक केलं तर म्हणाल स्वतःचंच करायली आणि नावं ठेवली तर म्हणाल खाल्ल्या घरचे वासे मोजायली. दोन्ही करणारे. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण पहिल्या वेळी त्यांनी घातलेला घोळ पण लिहायचाय आणि माणसं मात्र वाईट नाहीत. आमच्या भाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, विचारून लिहिलंय. त्यांनी वाचून दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्यात.

आमचं थोडक्यात. भाऊजी छत्रपती संभाजीनगरला चार वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते, दोनदा मेन्सपर्यंत गेले. २०२४ च्या होळीनंतर गावी आले ते गप्पगप्पच आले. पुढं काय झालं, कसं झालं ते लिहिणार नाही, त्याचा कुणाला उपयोग नाही. वाचले. सहा दिवस दवाखान्यात होते, सोडताना कार्डावर गोळ्या आणि ‘१५ दिवसांनी दाखवणे’, अन् तोंडी एकच वाक्य, “घरच्यांनी लक्ष ठेवा.” दवाखान्याचं नाव नको, एकेक सिस्टर बिचारी तीस-तीस पेशंट बघत होती. पण लक्ष ठेवा म्हणजे करायचं काय हो? रात्री कुणी जागायचं, बाथरूमची कडी काढायची का, मोबाईल बघायचा का, माणूस हसला तर बरा झाला समजायचं का? आम्ही तिघांनी पाळ्या लावल्या, सासूबाई दहा ते एक, मी एक ते चार आणि चारनंतर हे, कारण ह्यांना तसंही मोटार चालू करायला उठावं लागायचं, शेतातली लाईट रात्रीचीच. तिसऱ्या आठवड्यात मी दुकानात (माझं पिको-फॉल आणि शिवणकाम आहे) मशीनवर बसल्या बसल्या झोपले आणि सुई बोटात गेली. दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात ही गोष्ट मला शिबिरात कळली, म्हणजे ते आठवडे जाऊन दीड वर्ष झाल्यावर.

आणि पाव्हणे. मराठवाड्यात दवाखान्यातून माणूस घरी आला की बघायला येतेत, ही रीतच आहे, त्यात वाईट काही नाही. आमच्याकडं पहिल्याच रविवारी दोन जीपा आल्या. पारलेचे पुडे, शहाळी, सगळं घेऊन आले आणि बाजेभोवती बसून सुरू, “काय कमी होतं रे तुला”, “आईचा तरी इचार करायचा”, “आमच्याकडं बग, पाच लाखाचं कर्ज हाय तरी हसायलोत का नाही.” एक मामी तर मोठ्यानं रडायलाच लागल्या. भाऊजींनी भिंतीकडं तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत केलं. मी आत सतरा कप चहा टाकत होते आणि मला कळत होतं की बाहेर चाललंय ते बरं नाही, पण वडीलधाऱ्या माणसांना गप्प बसा कोणत्या तोंडानं म्हणायचं?

आता पहिल्या शिबिराचं. त्यांनी ठेवलं १० सप्टेंबर २०२४ ला, का तर त्या दिवशी जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन असतो. दिन असतो हो, पण त्याच दिवशी आमच्याकडं महालक्ष्म्या (गौरी) यायच्या होत्या! मराठवाड्यातली कोणती बाई महालक्ष्म्या उंबऱ्यात सोडून परभणीला मंगल कार्यालयात जाईल? सगळे पुरुषच गेले, आमचे हे पण गेले, आणि रात्री पाळीला जागणाऱ्या आम्ही सगळ्या घरी पुरणपोळ्या लाटत. कॅलेंडर बघितलं असतं तर कळलं असतं, पण बघणारं कुणी त्या टेबलावर नव्हतंच.

ह्यांनी येऊन सांगितलं ते असं. मोठ्या पडद्यावर आकडे, २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या, महाराष्ट्र सगळ्यात वर २२,७४६, पुढं कारणांचा गोल, त्यात सगळ्यात मोठा तुकडा ‘कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के’. आकडे खरेच आहेत, सरकारच्याच एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याचे. पण समोर बसलेलं कोण, तर कुटुंबच! वसमतकडचे एक आजोबा उठून म्हणाले म्हणे, “म्हंजी आमीच की.” त्यावर पडद्याजवळचे सर म्हणाले, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी काही कुणी घेतले नाहीत. आजोबा जेवण न करताच निघून गेले. तसं बघितलं तर त्या गोलातलं कारण म्हणजे पोलिसाच्या कागदावरचा एक रकाना, खऱ्या माणसाच्या बाबतीत कर्ज, आजार, दारू, निकाल, झोप सगळं एकात एक गुंतलेलं असतं, हे नंतर बैठकीत त्यांच्याच डॉक्टर मॅडमनी समजावलं. तेच त्या दिवशी एका वाक्यात सांगितलं असतं तर म्हातारा माणूस उपाशी गेला नसता.

महिन्यानं फीडबॅकसाठी फोन आला, तो ह्यांना लावलेला पण उचलला मी. हातात पळी, गॅसवर भाजी. पोरगी विचारायली, शिबिर कसं वाटलं, एक ते पाचमध्ये मार्क द्या. म्हणलं मी आलेच नव्हते, तरी सांगते, आणि वीस मिनिटं सांगितलं. पाव्हणे, पाळ्या, महालक्ष्म्या सगळं. भाजी करपली. जानेवारीत त्यांचाच फोन, की शिबिर नव्यानं बनवायलोत, ह्या वेळी घरच्यांना बसवूनच, येता का. आठ घरं होती, परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीडकडची.

पहिल्या बैठकीत आमचा सत्कार, शाल आणि श्रीफळ. तिथंच पहिलं भांडण. बीडकडच्या एक काकू, एकट्या घर चालवणाऱ्या, शाल परत देऊन म्हणाल्या, “ही काय करू मी? खुरपायला गेले असते तर ३०० रुपये रोज पडला असता, तेवढा द्या.” खोलीत एकदम शांत. मग संस्थेचे सर म्हणाले की बजेटमध्ये तशी तरतूद नाही. तर काकू म्हणतात कशा, डॉक्टरला यायचे पैसे देता ना, मग आमचं डोकं फुकटचंय का? पुढच्या बैठकीपासून रोज आणि एसटीचं तिकीट सुरू झालं. मला विचाराल तर पुस्तक चांगलं निघालं त्याचं निम्मं श्रेय ह्या भांडणाला, कारण सत्काराला बोलावलेला माणूस गोड बोलून जातो आणि रोज घेतलेला माणूस काम नीट झालं का ते बघतो.

मग मुखपृष्ठ. छापून आणलेला नमुना म्हणजे तडकलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला फेटेवाला शेतकरी. मराठवाडा म्हणलं की हाच फोटो, दुसरा कुणाकडं नसतोच! मी म्हणलं आमचे भाऊजी शेतकरी नाहीत, नांदेडच्या भाऊंची मुलगी नीटच्या क्लासला होती, काकूंची तर सून बाळंतीण होती. हा फोटो बघून आमच्यातलं एकही घर म्हणणार नाही की हे पुस्तक आपल्यासाठी आहे. आता वर ओसरी आहे, दोन जणं बसलेत आणि मधी चहाचे कप. साधंय, पण घरात कुणाच्याही हाती लागलं तरी लपवावं लागत नाही.

लक्षणांच्या पानावर बराच वेळ गेला. झोप कमी, जेवण कमी, चिडचिड, कशात मन न लागणं, असं लिहिलेलं. हिंगोलीकडचे एक दादा म्हणाले, सोयाबीनचा भाव पडला की आमच्या निम्म्या गावाला हे सगळं होतंय, त्यातला कोण ते कसं ओळखू? मग एकेकानं आपापलं सांगितलं. एकाच्या भावानं उसनवारीची वही मिटवायला घेतली होती. एकीच्या पोरीनं आवडते ड्रेस चुलत बहिणीला वाटले. आमचे भाऊजी आदल्या दिवशी एकदम शांत, प्रेमळ, सासूबाईंचे पाय चेपत बसलेले, आणि आम्ही मनात म्हणलं, चला, सुधारले. इतके दिवस अस्वस्थ असलेला माणूस अचानक निवांत झाला तर निर्धास्त होऊ नका, जास्त जवळ बसा, हे आता पुस्तकात आहे. ते पान मी अजून पूर्ण वाचू शकत नाही. आपण बघितलं होतं की, असं होतं.

पाव्हण्यांचं पान मात्र माझं आवडतं. डॉक्टर मॅडमचं आधी म्हणणं होतं की महिनाभर कुणाला भेटूच देऊ नका. सगळे हसले. गावात दार लावलं की आतल्यापेक्षा बाहेर जास्त गोष्टी होतेत. शेवटी ठरलं ते असं, घरातला एक माणूस दारावरचा, त्यानं चपला काढतानाच सांगायचं, “त्याला बरं नव्हतं, आता औषध चालूय, झालं ते विचारू नका, उपदेश करू नका, पिकापाण्याचं बोला, चहा घ्या.” हे वाक्य चौकटीत छापलंय, जसंच्या तसं म्हणायला. शिबिरात ते जोडीनं म्हणूनच घेतात, एक जण खडूस मामा होतो आणि दुसरा दारावरचा. हसून हसून पोट दुखलं, आणि मधीच एक आजी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, हे आमाला तवा का नाही सांगितलं कुणी.

थेट विचारायचं कसं ह्यावर मात्र आमचं चुकलं आणि मॅडमचं बरोबर होतं, तेही लिहिते. पुस्तकात होतं ‘तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत का?’ असं आमच्याकडं कुणी बोलतं का? सासूबाई तर म्हणाल्या की असलं अशुभ तोंडातून काढायचंच नाही, काढलं की पोराच्या डोक्यात बसतं. आम्ही सगळे मागं लागलो की नुसतं ‘जगू वाटंना झालंय का’ एवढंच ठेवा. मॅडम म्हणाल्या तेवढं पुरत नाही, त्यावर माणूस “तसं काही नाही” म्हणून सुटतो, आणि सरळ विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे जगभर तपासून झालंय. शेवटी दोन्ही ठेवलं, आधी “जगू वाटंना झालंय का” आणि मग थांबून, “जीव द्यायचं मनात येतंय का.” शिबिरात हे अनोळखी माणसाला विचारायची प्रॅक्टिस असते. माझ्यासमोर मानवतकडचे साठीतले एक आप्पा आले. मी विचारताना हसले, घाबरून. त्यांची पाळी आली तर ते टोपी काढून हातात फिरवायले, विचारलं एकदाचं, आणि लगेच ट्रेनरकडं वळून म्हणाले, “आन् येतंय म्हणला तर फुडं काय करू ती सांगा आदी.” बरोबरच आहे की! त्याचं उत्तर ट्रेनर बाई असं देतात, ऐकायचं, वाद घालायचा नाही, शपथा घालायच्या नाहीत, एकटं सोडायचं नाही आणि १४४१६ लावायचा. हा सरकारचा टेलिमानस नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतेत. तिथंच सगळ्यांना स्पीकरवर लावून दाखवला, म्हणून माझ्यासारख्या बाईची भीती गेली. आता तो नंबर सासूबाईंच्या साध्या मोबाईलमध्ये ‘दवाखाना’ नावानं सेव्ह केलेला आहे.

सगळ्यात भारी अर्धा तास वकिलांचा. पहिल्या शिबिरात पोलीस हा शब्दच नव्हता म्हणे, आणि घरच्यांच्या पोटात पहिला गोळा येतो तो पोलिसांचाच. दवाखान्यातून ठाण्याला कळवतात, हवालदार जबाब घ्यायला येतो, अन् माणसं घाबरून ‘चुकून झालं’ असं लिहून देतात. आप्पांनी तसंच दिलेलं. त्याचा परिणाम काय, तर कागदावर अपघात म्हणून मानसोपचाराच्या डॉक्टरकडं पाठवलंच नाही, पोटाचे उपचार करून सोडून दिलं. वकील म्हणाले, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असंय की उलट सिद्ध होत नाही तोवर अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं, खटला नाही की शिक्षा नाही, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकलीय. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत घेतलेलंच नाही. विम्याचं पण सांगितलं, शरीराच्या आजाराला जसा देतेत तसा मनाच्या आजाराला पण द्यावा लागतो, त्याच कायद्यात आहे. नुसता हा अर्धा तास रेकॉर्ड करून तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्याबाहेर लावायला पाहिजे.

औषधपेटीचं पान बरं जमलंय. आधी लोखंडी पेटी आणि कुलूप घ्या असं होतं, पण खेड्यातल्या घरात किल्ली कुठं असते ते शेजारच्यालाही माहीत असतं. आता लिहिलंय की फवारणीचं काही घरात आणूच नका, लागेल त्या दिवशी लागेल तेवढंच आणा, उरलं तर घरी नको, आणि गोळ्या आठवड्याच्या आठवड्याला मोजून एकाच माणसाकडं. अर्थात हा भार सगळा घरावरच का? श्रीलंकेनं फवारणीच्या जहाल औषधांवरच बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत साधारण ७० टक्क्यांनी उतरलं. हे मी बैठकीत विचारलं तर म्हणाले तो आपल्या अखत्यारीतला विषय नाही. पुस्तकात निदान एक ओळ तरी टाकायची होती.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार माझी नाहीच, भाऊजींची आहे. चौथ्या बैठकीला एका वडलांसोबत त्यांची कॉलेजातली मुलगी आली होती, जी स्वतः त्यातून गेलेली. दोन तास आमचं ऐकून म्हणाली, “तुम्ही सगळे पहाऱ्यावरच बोलायलात.” आम्ही जरा गडबडलो, मॅडमनी लिहून घेतलं आणि विषय पुढं गेला. पुस्तक छापून आल्यावर भाऊजींनी एका बैठकीत वाचून काढलं आणि विचारलं, “वहिनी, यात मी कुठंय?” खरंच नव्हते. ४० पानं, घरच्यांनी काय करायचं, काय बोलायचं, काय लपवायचं. त्या माणसाला काय हवं होतं ते त्याला विचारून ठरवा असं एक पान, तेही शेवटून दुसरं. मी ज्या पाळ्यांचा एवढा अभिमान बाळगून होते त्याबद्दल ते म्हणाले, “तुम्ही एक ते चार दारात बसायच्या ना, मला झोप यायची नाही तुमच्यामुळं. आत येऊन गप्पा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.” मी काही बोलले नाही, उठून कणीक मळायला घेतली. घरच्यांना बसवून पुस्तक बनवलं ते चांगलंच झालं, पण घरच्यांची भीती म्हणजे त्या माणसाची गरज नव्हे, आणि आम्ही आठही घरं ती भीतीच घेऊन तिथं गेलेलो.

दुसरं, फॉलोअपचा फोन. दर महिन्याला येईल म्हणाले होते. जानेवारीत आला, मग गायब. हे बारीक वाटेल पण बारीक नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसकट पाच देशांतल्या दवाखान्यांत बघितलं होतं, सोडताना तासभर नीट समजावून सांगितलं आणि पुढं दीड वर्ष अधूनमधून फोन किंवा भेट ठेवली, तर त्या गटात आत्महत्येनं गेलेली माणसं कितीतरी कमी निघाली. ही गोष्ट मला ह्याच शिबिरात ह्याच लोकांनी सांगितली! मग करा ना फोन. माणूस कमी आहे म्हणतेत, तर आमच्यातल्याच दोघींना रोज देऊन बसवा, मी दुकानात मशीनवर बसून पण करीन.

तिसरं, डिसेंबर. महालक्ष्म्या टाळल्या, सोयाबीन टाळलं, पण डिसेंबरात ऊसतोडीची माणसं कारखान्यावर. बीडच्या काकू बैठकांना होत्या आणि शिबिराच्या वेळी कोयत्यावर सांगलीकडं. ज्यांनी भांडून रोज मिळवून दिला त्यांनाच शिबिर मिळालं नाही. उन्हाळ्यात एक ठेवणार म्हणतेत, बघू.

बाकी बारीकसारीक, अक्षर अजून लहान आहे, सासूबाईंना चष्म्यानं पण लागत नाही. कोपऱ्यातल्या क्यूआर कोडचा खेड्यात उपयोग शून्य. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पुरुषच बोलत होते, जेवणानंतर बायकांचा गट वेगळा केला तेव्हा कुठं तोंडं उघडली. वेळ साडेदहा ते चार ठेवली ते चांगलं केलं, धारा काढायला परत पोहोचता येतं. जेवण एक नंबर, भाकरी आणि ठेचा, पहिल्या वेळचा गार पुलाव नव्हता.

पैसे लागत नाहीत. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर जा, आणि दोघं जा, एक जो निर्णय घेतो तो आणि एक जो रात्री जागतो तो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचीय म्हणून परवा त्यांचा फोन आला, ह्या वेळी मी म्हणलं मला नको, भाऊजींना बोलवा. भाऊजी बाजूलाच शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, “जातो की. पण रोज घेणार, आणि शाल आणली तर तिथून परत.”